निरगुडीचा धूर

मातीमाय जीवनशाळा,
टोकावड्याच्या पुढे, ता. मुरबाड
९ जून २०२४

कमळताईस नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन इथे लाकडी पेटीत कुलूपबंद असतो, कारण फोनने म्हणे माणसाच्या आतला झरा आटतो. पेटीची किल्ली मालकांकडे, म्हणजे हर्षितभाईंकडे. हर्षितभाईंच्या खिशात दोन फोन. त्यांचा झरा आटत नाही.

आईने तुला सांगितलंच असेल की पोराचं डोकं फिरलं, दुसऱ्या वर्षाला बॉटनी सोडली आणि लोकांच्या कोंबड्यांची घाण उपसायला गेला. सांगू दे. कॉलेजात निरगुडीचं लॅटिन नाव पाठ करून घेतात आणि कुंपणाची निरगुडी सरांच्या हातात दिली तर सर विचारतात, ही कुठली रे? अशा ठिकाणी तीन वर्षं घालवायची? त्यापेक्षा निसर्गात राहावं, निसर्गाकडून शिकावं, असं मी ठरवलं. दुसरं काही कारण नाही.

आता इथला निसर्ग ऐक. दर शुक्रवारी मुलुंड-ठाण्याची चौदा-पंधरा माणसं येतात. पहिल्या दिवशी त्यांना अनवाणी चालवतात, दुसऱ्या दिवशी त्यांचे काटे काढतात. अंगाला माती फासतात. आपल्याकडे लावणीला उतरलं की ती फुकट फासली जाते, पण तिच्यात म्हणे तो भाव नसतो. वांग्याच्या रोपाशी बोलायला लावतात. परवा एक गृहस्थ मिरचीसमोर बसून रडले. मिरची न खाता रडणारा माणूस मी प्रथम पाहिला.

आणि कोंबड्या! एक काळी कोंबडी खुडूक झाली, अंगाखाली अंडं नसतानाही उबवायला बसून राहिली. तर एक बाई घाबऱ्या होऊन म्हणतात, "ही डिप्रेस आहे का? काही खात नाही." हर्षितभाई डोळे मिटून म्हणाले, "शी इज इन अ प्रोसेस." आणि तिला गुळवेलीचा काढा! भाविका तिथेच होती. भाविका म्हणजे इथे परसबाग बघते ती, जवळच्या वैशाखरे गावची, कॉलेजात माझ्याच वर्गात होती, वडील गेले तेव्हा तिनेही सोडलं, योगायोग. ती म्हणाली, "ओ ताई, ती खुडूक हाय. तिला आई व्हायचंय, काढा नकोय." दुसऱ्या दिवशी घरून पदरात सात अंडी घेऊन आली आणि कोंबडीखाली सारली. तिच्या आईची, धोंडीबाईंची, एक उघड्या मानेची कोंबडी आहे, मानेला एक पीस नाही, तिची अंडी. भाविकाच्या हाताखाली कोंबडी ओरडतसुद्धा नाही, ताई.

शेवळांची रानभाजी निघाली तेव्हाची गंमत सांगतो. हर्षितभाईंनी टोपलीभर शेवळं आणली, "वाइल्ड फूड" म्हणून नुसतं मीठ टाकून वाफवली. काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि बघत बसलो. पाच मिनिटांत पंधराच्या पंधरा माणसं घसा खाजवत, जिभा बाहेर. हर्षितभाई स्वतः लाल होऊन म्हणाले, "विष बाहेर पडतंय, होऊ द्या." भाविका तेवढ्यात घरून आली. तिने धावत जाऊन चिंचेचं पाणी कालवलं, सगळ्यांना पाजलं, आणि मग माझ्यावरच उखडली. "तू हितंच होतास ना रे? मग तुला तोंड नव्हतं?" आता यात माझी काय चूक? मी शिजवली होती का?

हर्षितभाईंचं अजून एक ढोंग. आम्हाला बर्फ, थंड, फ्रिज सगळं वर्ज्य. आणि शुक्रवारी पाहुणे यायच्या आत गाडीतून एक निळा थर्मास उतरला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. एका माणसाला बरोबर घेऊन स्वारी खुराड्यामागे गेली, अर्ध्या तासाने परत. मी थर्मासचं झाकण उघडून पाहिलं, आत नुसता बर्फ. लपून सरबत पितात!

भाविका मात्र या माणसाचा शब्द न् शब्द वहीत उतरवते. म्हणून एक काम आहे. आत्या असताना तुमच्या कोंबड्यांना जे औषध करायची ते सगळं सविस्तर लिही. मानमोडीने गावंच्या गावं साफ होतात, कोंबड्या मान पिळवटून पडतात, पण तुझ्याकडे वर्षानुवर्षं एक कोंबडी त्याने गेली नाही. आत्या खुराड्यात निरगुडीचा धूर करायची एवढं मला आठवतं. किती पाला, कुठला वार, सगळं लिही. या मुलुंडच्या साधूला दाखवतो खरं ज्ञान काय असतं ते.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
रितेश

---

कसाऱ्याहून,
१७ जून २०२४

चि. रितेश यास आशीर्वाद. लायकी नाय तुझी, पण आईने आमाला तसं लिहायला शिकवलंय.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मिरचीपुढे रडणारा माणूस आला तिथे यांच्या बशीतला चहा सांडला. रुळावर दिवसभर घण मारून आलेला माणूस एवढा हसला, तेवढं पुण्य तुला लागलं. बाकीचं पत्र वाईट आहे.

दुसरं काही कारण नाही म्हणतोस. प्रत्येक पानावर ते कारण पदरात अंडी घेऊन चालतंय, बाबा. कॉलेज तिने सोडलं म्हणून तू सोडलंस. तिचा बाप गेला, घरात मिळवतं कोणी नाय, म्हणून तिने सोडलं असेल. तुझं काय गेलं होतं? एवढं तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाय, ते माझ्याकडे ठेवलंय. तुझ्या वागण्यावर आहे.

शेवळांचं वाचून मला हसू आलं नाय. तुला माहीत होतं आणि तू भिंतीला टेकलास. त्या शहरातल्या माणसांना ठाऊक नव्हतं, ते मूर्ख. तुला ठाऊक होतं, तू कोण? त्या पोरीने बरोबर विचारलं.

आता औषध. नीट वाच, अर्धं वाचून उड्या मारू नको, तुझी ती सवय लहानपणापासून आहे.

आईचा निरगुडीचा धूर उवांसाठी. कोंबड्यांच्या अंगात उवा-पिसवा होतात, त्या धुराने खुराडं सोडतात. एवढंच. मानमोडीला धुराचं घंटा काही होत नाय. आई होती तेव्हा माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तिची अठ्ठावीस कोंबडी एका आठवड्यात गेली, धूर रोज चालू होता. तू तेव्हा शाळेत होतास, तुला कोणी सांगितलं नसेल. त्यानंतर मी थेंब घ्यायला लागले. सरकारी दवाखान्यातून लस आणायची, बर्फात, थर्मासात. कोंबड्या सोडायच्या आधी सकाळीच बांबूच्या डालग्याखाली धरून एकेकीच्या डोळ्यात एक थेंब. बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, म्हणून सगळ्या वाडीने एकाच दिवशी करायचं. आता तर मी पशुसखी आहे, आजूबाजूच्या पाच वाड्यांना मीच टाकते. म्हणून आमच्याकडे कोंबडी मरत नाय. आईच्या पाल्यामुळे नाय.

आणि हे आखाडाच्या आत करायचं. आखाडात जो तो बाजारातून देवीला कोंबडा आणतो, तो कोंबडा रोग बगलेत घेऊनच गावात येतो.

तुझ्या हर्षितभाईच्या थर्मासात सरबत नव्हतं, हे आता तुला समजलं असेल. पाहुण्यांपासून लपवतो ते लपवो. कोंबड्या तरी जगतील त्याच्या.

त्या पोरीच्या वाडीत थेंब कधी आहेत ते विचार आणि कोंबड्या धरायला जा. पोरींना फुशारक्यांपेक्षा ते आवडतं. आणि परीक्षेचा फॉर्म भर.

तुझी,
कमळताई

---

मातीमाय (शेवटचे चार दिवस),
३० जून २०२४

ताईस नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि माझं नशीब फिरलं. तुला कल्पना नाही तू काय हातात दिलंस.

गेल्या रविवारी निरोपाच्या गोलात सगळे पाहुणे मांडी घालून बसलेले. हर्षितभाई बोलत होते, "आमच्या कोंबड्यांना आम्ही कुठलंही केमिकल, कुठलंही व्हॅक्सिन देत नाही. देअर बॉडी नोज." मी उठलो आणि विचारलं, "मग निळ्या थर्मासात काय होतं हर्षितभाई?"

ताई, तो चेहरा! कोंबड्याला पाण्यात बुडवून काढावं तसा. म्हणाले, "रितेश, आपण नंतर बोलू." मी म्हटलं, "नंतर का? लोकांनी अंडी गावठी, शुद्ध, बिनऔषधी म्हणून घेतलीत. डोळ्यात थेंब टाकलेत की नाही सांगा." भाविकाने वही मिटली. तिने फक्त एवढं विचारलं, "खरं हाय का, सर?" तो माणूस पाहुण्यांच्या पिशव्या उचलायला लागला. मिरचीवाले गृहस्थ पुन्हा आले होते, ते पुन्हा रडले.

भाविकाने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. मलाही गुरुवारपर्यंतच ठेवलंय, पुढे वैशाखऱ्यालाच राहायची सोय बघितलीय, पत्र तिथे टाक. जाऊ दे. ती म्हणाली, "मी ह्याच्या शब्दावर आईला माती खायला लावली असती." मग मी तिला आत्याचं सांगितलं. खरी नैसर्गिक माणसं कशी असतात, जाहिरात न करता पिढ्यान्‌पिढ्या कशी जगतात. तिचे डोळे असे झाले होते, ताई, की मी काय काय बोललो ते मलाच आठवत नाही.

मंगळवारी मी वैशाखऱ्याला त्यांच्या वाडीत धूर करून दिला, आता दर रविवारी करणार. बारा घरं. मडक्यात निखारे, वर निरगुडी, एका खुराड्यातून दुसऱ्या खुराड्यात. भाविका पाला तोडून देते. म्हाताऱ्या बाळीमावशी मला वैद्यबुवा म्हणतात. धोंडीबाई सहसा कुणाशी बोलत नाहीत, पण काल माझ्या ताटात भाकरी वाढताना म्हणाल्या, "घरचा समज." ताई, हे वाक्य मी तीन दिवस पाठ करणार आहे.

तुझ्या थेंबांचं मला पटत नाही असं नाही. पण तुम्हीही शेवटी त्या मुलुंडवाल्यासारख्याच झालात ना? घरची विद्या घरात असताना सरकारी बाटलीमागे धावायचं! आत्याचा हात वेगळा होता, त्या वर्षी पालाच जुना असेल. तू पशुसखी झालीस म्हणून तुला तसं बोलावं लागतं, हे मी समजू शकतो.

काल शनिवारी दवाखान्याचा माणूस थर्मास घेऊन वाडीत आला होता म्हणे. कोंबड्या आधीच रानात सोडलेल्या, म्हणून परत गेला. बायकांना आठवण राहिली नसेल.

एक विनंती. भाविका तुझा नंबर मागत होती. मी म्हटलं, तिकडे रेंजच नाही. तर तिच्याकडून कधी काही विचारणा झाली तर आत्याच्या धुराबद्दल चांगलं लिही. बाकीचं लिहायची गरज नाही.

तुझाच आनंदी,
रितेश

---

कसारा,
६ जुलै २०२४

रितेश,

आशीर्वाद मुद्दाम लिहिला नाय.

आठवण राहिली नाय? बारा घरच्या बायका एकाच सकाळी एकदम विसरल्या? मी पाच वाड्या फिरते. बायका नवऱ्याचा डबा विसरतील, थेंबाचा दिवस विसरत नायत.

मला एकाच गोष्टीचं सरळ उत्तर दे. तू त्यांना थेंब घेऊ नका म्हणालास का? हो किंवा नाय, एका ओळीत.

आज आखाड लागला. दवाखाना टोकावड्यालाच आहे. उद्याच्या उद्या जा, पाया पड, नवीन दिवस मागून घे. तो मडक्याचा खेळ बंद कर. घराघरातून त्याच पायांनी फिरतोस, कुठल्या खुराड्यात काय असेल ते चपलेवरून पुढच्या घरी जातं.

उत्तराची वाट बघते.

कमळताई

---

वैशाखरे,
२१ जुलै २०२४

कमळताई यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी भाविका, रितेशच्या कॉलेजची. तुमच्याकडे फोनला रेंज नाही असं तो म्हणतो म्हणून पत्र लिहिते. तुमचं मागचं पाकीट त्याने आमच्या ओट्यावर न फोडताच घडी घालून खिशात टाकलं. मागे तुमचा पत्ता होता, तो मी पाहून ठेवला होता.

ताई, औषधात काहीतरी चुकतंय. बाळीमावशींनी बारा तारखेला बाजारातून देवीसाठी कोंबडा आणला. तो देवीपर्यंत पोचलाच नाही, अंगणात गोल गोल फिरून पडला. मावशी म्हणाल्या, उन्हाने झालं असेल. रविवारी रितेशने नेहमीसारखा धूर केला, मावशींच्या घरापासून सुरू करून आमच्यापर्यंत. गुरुवारी आमची लाल कोंबडी हिरवं हगायला लागली. शुक्रवारी तिची मान पाठीकडे वळली. आज सकाळपर्यंत अकरा गेल्या. उघड्या मानेची आहे ना आमची, तिच्या मानेला पीस नाही, त्यामुळे पीळ कसा पडतो तो सगळा दिसतो. आई तिला मांडीवर घेऊन बसली आहे, जेवलेली नाही.

रितेश म्हणाला होता, तुमच्या चाळीस कोंबड्यांना आजवर एकदाही थेंब दिलेला नाही, सगळं निरगुडीवर आहे. म्हणून मीच बारा घरी सांगत फिरले की शनिवारी कोंबड्या लवकर सोडा, थेंबवाला आला तर नाही म्हणा. शहरातला माणूस खोटं बोलला म्हणून मी तुमच्या घरचं धरलं.

पाला किती घ्यायचा? ओला की सुका? आणखी काही मिसळता का? काल रितेशला विचारलं तर म्हणाला, ताईला विचारून येतो. तो गेला तो अजून आला नाही. तुमच्याकडे आला असेल तर त्याच्याबरोबरच पाठवा. लवकर पाठवा, ताई.

तुमची,
भाविका

---

कसारा,
२९ जुलै २०२४

रितेश,

तू माझ्याकडे आला नव्हतास. तू तुझ्या आईच्या घरी पांघरूण डोक्यावर घेऊन निजलास, ताप आला म्हणून. हे पत्र तिथेच टाकते. तापात वाच.

पोरीचं पत्र बुधवारी आलं. मी चूल तशीच टाकून निघाले. शहापूरहून सरळगाव, तिथून टोकावडे, दवाखान्यात डॉक्टरांच्या हातापाया पडून लस घेतली. डॉक्टर म्हणाले, "बाई, आजारी खुराड्यात आता थेंबाचा उपयोग नाही." मी म्हटलं, "ठाऊक आहे साहेब, पण चार घरं अजून कोरडी आहेत." बारांपैकी आठ घरांत साथ शिरली होती. वाचलेली चार घरं कुठली, सांगू? ज्यांनी त्या रविवारी तुला दारातून परत पाठवलं, धुराने पोरांना खोकला येतो म्हणून.

आधी त्या चार घरी गेले. धोंडीबाईंच्या दारात शेवटी. तिथून कुठेच जायचं नाय, असा नेम असतो. सत्तावीसातल्या तीन उरल्या आहेत. मेलेल्या ओढ्यात टाकायला निघाल्या होत्या, मी खड्डा खणायला लावला, चुना टाकला. उघड्या मानेची त्यात होती. त्या बाईने तिला फडक्यात बांधून खड्ड्यात ठेवली.

भाविकाने विचारलं, "ताई, तुमी पाला कुठला वापरता?"

तू माझ्या मामाचा पोरगा, कडेवर वाढवलेला. तरी मी तुझी दोन्ही पत्रं पिशवीतून काढली आणि तिच्या हातात दिली. माझंही तुला लिहिलेलं तोंडाने सांगितलं. धूर कशासाठी, थेंब कशासाठी, जून महिन्यात लिहिलं होतं ते सगळं.

ती ओट्यावर बसून वाचत होती. शेवळांच्या जागी थांबली, परत वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे याला तेव्हापण माहीत होतं, आणि आतापण." शिवी दिली नाय, रडली नाय. पत्रं घडी घालून मला परत दिली.

तुला अडाणी म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती मुलुंडची माणसं अडाणी, बाळीमावशी अडाणी. तू शिकलेला, तू माझं पत्र वाचलेलं.

तुझ्या आईला मी आता सगळं सांगितलंय. ताप उतरला की त्या बारा घरी जा. एकेका दारात उभा राहा आणि स्वतःच्या तोंडाने सांग की मला माहीत होतं. चप्पल वेशीवर काढून जा, चुन्यात पाय बुडव. ते झाल्याशिवाय मला पत्र लिहू नको.

कमळ

---

वैशाखरे,
२० ऑक्टोबर २०२४

कमळताईस शिरसाष्टांग.

तू म्हणालीस ते झाल्याशिवाय लिहू नको, म्हणून लिहिलं नाही. ते ऑगस्टातच झालं. पण लिहायला तोंड व्हायला एवढे दिवस लागले.

बारा घरं. पहिल्या दारात मी भाषण करायला लागलो, निसर्ग, विश्वास, असं काहीतरी. बाळीमावशी म्हणाल्या, "वैद्यबुवा, मुद्द्याचं बोला, भात करपतोय." मग मी मुद्द्याचं बोललो. त्यांनी पळीने दार दाखवलं. दुसऱ्या घरी अंगावर पाणी टाकलं, ते धुण्याचं होतं एवढं बरं. सातव्या घरापर्यंत माझं वाक्य एवढं छोटं झालं: "मला माहीत होतं." एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग सांगितलं का नाय रे?" मी म्हटलं, "चांगला दिसत होतो म्हणून." हे उत्तर मला आधी माहीत नव्हतं. तिथेच तोंडातून निघालं.

धोंडीबाईंच्या दारात भाविका होती. मी बोललो. ती सुपात तांदूळ पाखडत राहिली. धोंडीबाई आतून म्हणाल्या, "कोण हाय?" भाविका म्हणाली, "कोणी नाय."

मी तेव्हापासून तेच आहे, ताई. कोणी नाय.

हर्षितभाईंबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. माणूस ढोंगी तो ढोंगीच. अजून शुक्रवारी मिरचीपुढे लोकांना बसवतो. पण एक गोष्ट रात्रंदिवस टोचते. त्याने गिऱ्हाइकांना खोटं सांगितलं, पण कोंबड्यांशी तो खरं वागला. मी ढोंगातही त्याच्या खालचा निघालो. आणि शेवटी त्याच्याच दारात जावं लागलं, ते ऐक.

भाविकाने जूनमध्ये त्या खुडूक कोंबडीखाली ठेवलेली सात अंडी तुला आठवतात? त्यातून पाच पिल्लं निघाली होती. दोन उघड्या मानेची. आठ दिवसांची झाली तेव्हा मातीमायलाच त्यांना थेंब पडले, आणि ती तिथेच वाढली. हे मला एकाएकी आठवलं. गेलो. हर्षितभाई म्हणाले, "तू मला सगळ्यांसमोर नागडं केलंस." मी म्हटलं, "हो. आता मी त्याहून नागडा आहे. दोन तलंगा द्या, वैशाखऱ्याच्या आहेत." त्यांनी त्या दोन्ही कोवळ्या कोंबड्या स्वतः पकडून दिल्या. वर म्हणाले, "टेल भाविका, सॉरी." मी सांगितलं नाही. त्याचं त्याने सांगावं. एवढा मोठा मी अजून झालेलो नाही.

त्या दोघी मी डालग्यासकट धोंडीबाईंच्या ओट्यावर ठेवल्या आणि मागे फिरलो. मागून कुणी हाक मारली नाही. मारावी असं काही मी केलेलंही नव्हतं.

तू भाविकाला पशुसखीचं शिकवतेस हे मला बाळीमावशींकडून कळलं. पत्रात तू लिहिलं नसतंसच. काल वाडीत थेंब होते, दिवाळीआधीचे. बायकांना निरोप गेला होता, ज्याला कोंबड्या धरता येतात त्याने उजाडताना यावं. माझं नाव घेऊन कुणी बोलावलं नाही. मी वेशीवर चपला काढल्या, चुन्यात पाय बुडवले आणि रांगेच्या शेवटी उभा राहिलो. बाळीमावशी मोठ्याने म्हणाल्या, "आज मडकं नाय आणलंत, वैद्यबुवा?" सगळ्या हसल्या. हसू देत.

निळा थर्मास भाविकाच्या खांद्याला होता. ती घरामागून घर करत गेली. मी धरत होतो, ती थेंब सोडत होती. अकरा घरं ती कोंबडीच्या डोळ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. माझे हात चोचींनी सोलले, तेही तिने पाहिलं नाही.

बारावं घर तिचं. धोंडीबाईंनी तलंग आणून माझ्या हातात दिली, दोघींतली मोठी. उघडी मान, लालभडक, खाली नाडी उडताना दिसते. मी एका हाताने पंख दाबले, दुसऱ्याने डोकं आडवं केलं. थेंब पडला. मला वाटलं झालं, म्हणून मी हात सैल केला.

"सोडू नको," भाविका म्हणाली. "तिने डोळा मिटेपर्यंत धर. नायतर बाहेर गळतो, आणि आपल्याला वाटतं दिलं."

मी धरून राहिलो. तलंगेने डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. भाविका बघत होती, मी नीट धरलंय की नाही ते.

कॉलेजात पुन्हा नाव घातलंय. तुला दाखवायला नाही.

रितेश